दुसऱ्याच्या मापाची सायकल

पुण्यात माझी बाइक फिटिंगची छोटी जागा आहे. मी सायकली विकत नाही. सायकलस्वाराची मापं घेतो, त्याप्रमाणे सॅडल, हँडलबार आणि बुटाखालची क्लीट जागेवर बसवून देतो. कुणी वापरलेली रेसिंग सायकल घ्यायला निघाला असेल तर त्याच्यासाठी ती उघडून तपासतो. विक्रीत माझा वाटा नसतो, म्हणून लोक मोकळेपणाने विचारतात, घ्यावी का? उत्तर देताना मी जपून बोलतो, कारण समोर ठेवलेली रक्कम बऱ्याचदा कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाची असते.

गेल्या वर्षी मार्चअखेरीस तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलाला घेऊन आले. मुलगा सोळा वर्षांचा, पुढच्या मोसमात ज्युनियर गटात जाणारा, दंडोबाच्या डोंगरावर चढाचा सराव करणारा. बाणेरमधला एक इंजिनियर जर्मनीला नोकरीसाठी निघाला होता आणि त्याची सायकल विकायला होती. जायंट टीसीआर ॲडव्हान्स्ड एसएल, २०१८ चं मॉडेल, रिम ब्रेक, शिमानो अल्टेग्राचे अकरा गिअर, कार्बनची चाकं. मागणी एक लाख चाळीस हजारांची. नवीन घेताना तिला याच्या दुपटीहून जास्त पैसे पडले होते. मुलाच्या कोचनीच ती शोधून दिली होती.

वडील म्हणाले, "दादा, सायकल लाखात एक हाय म्हणत्यात. मोडलेली, चिरलेली नाही ना, तेवढं बघून द्या. बेदाण्याचं पैसं आल्यात, आजच देऊन टाकतो."

मुलगा काही बोलत नव्हता. तो त्या सायकलीकडे बघत होता.

टीसीआर मला स्वतःला फार आवडते. तिच्या आराखड्यात सायकलीच्या इतिहासातला एक मोठा विचार आहे. माइक बरोज हे इंग्लिश अभियंते. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने परस्यूटचं सुवर्णपदक ज्या लोटस सायकलवर जिंकलं, तिच्यामागची कल्पना त्यांची. पुढे ते तैवानच्या जायंट कंपनीसाठी काम करू लागले. तोवर रोड सायकलची वरची नळी जमिनीला समांतर असे, आणि उंच माणसाला मोठी फ्रेम, बुटक्याला लहान फ्रेम असा हिशेब होता. बरोज यांनी ती नळी मागच्या बाजूला उतरती केली. फ्रेमचा त्रिकोण लहान झाला, वजन घटलं, ताठपणा वाढला. पायाच्या लांबीचा हिशेब फ्रेमवरून लांब सीटपोस्टवर गेला. स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीनच मापांत बहुतेकांना बसवता येईल, अशी ती योजना होती. १९९८ पासून स्पेनचा ओन्से संघ जायंटच्या सायकलींवर धावू लागला. गाजलेला फ्रेंच स्वार लोरां जालाबेर त्याच संघातला. आज दुकानात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक रेसिंग सायकलची वरची नळी उतरती असते, ती या विचारामुळे.

पण एसएल ही टीसीआरची सगळ्यात महागडी पायरी. ॲडव्हान्स्ड आणि ॲडव्हान्स्ड प्रो या खालच्या दोन पायऱ्यांवर सीटपोस्ट वेगळी असते, बोल्ट सैल करून वरखाली करता येते. एसएलमध्ये सीटपोस्टच नाही. सीट ट्यूबच वर वाढवलेली असते, तिला आम्ही मास्ट म्हणतो. सायकल नवी येते तेव्हा मास्ट चांगला उंच असतो. पहिल्या मालकाच्या पायाचं माप घेऊन तो करवतीने कापायचा, त्यावर एक टोपी चढवायची आणि टोपीवर सॅडल. टोपी थोडीशी वरखाली होते. थोडी उंच टोपीही मागवता येते, पण तिलाही हद्द आहे. मास्ट आणखी कापता येतो; कापलेला मात्र परत वाढवता येत नाही.

एकच फ्रेम अनेकांना बसावी म्हणून जो आराखडा जन्माला आला, त्याच घराण्यातली सगळ्यात महागडी सायकल करवत चालली की एका माणसाची होऊन जाते. हे मला नेहमी विलक्षण वाटतं. व्यावसायिक संघात ही रचना शोभते. तिथे स्वाराच्या मापाची फ्रेम कापून मिळते, मोसम संपला की नवी येते, वाचलेले ग्रॅम खरोखर कामी येतात. वापरलेल्या सायकलीच्या बाजारात मात्र हीच गोष्ट सगळ्यात आधी पाहावी लागते, आणि नेमकी तीच कुणी विचारत नाही. लोक विचारतात वजन किती, गिअर कोणते, किलोमीटर किती झाले.

वडिलांनी सांगितलं होतं तेवढं आधी केलं. सायकल स्टँडवर घेतली, चाकं काढली, हँडलबार आणि फोर्क उतरवला. कार्बन बघायचं म्हणजे घाई चालत नाही. आधी स्पिरिटने पुसून मळ काढायचा, मग बॅटरीचा उजेड तिरका पाडून नळ्या फिरवून बघायच्या. क्रँकजवळ चेन उतरून खरवडलेलं असतं, तिथे खोली किती ते पाहायचं. हँडलबार धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या आतली फोर्कची नळी जास्त आवळल्याने दबलेली आहे का, टोपीच्या कडेला मास्टवर केसासारखी रेघ आहे का, हे बघायचं. नाण्याच्या कडेने हलके ठोके मारत गेलं की चांगल्या कार्बनचा आवाज टणक येतो. आतले थर सुटले असतील तर तो एकदम बसका होतो. नाण्यावर सगळी भिस्त ठेवू नये, पण कान तयार झाला की शंका कुठे घ्यायची ते कळतं.

घामही बघावा लागतो. लॉकडाउनच्या काळात पुष्कळ सायकली घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर चालल्या. बाहेर वाऱ्याने उडून जाणारा घाम तिथे हँडलबारवर आणि हेडसेटवर ठिबकत राहतो. वरून सायकल नवीकोरी दिसते आणि टेप सोडली की आतले बोल्ट गंजून पांढरे पडलेले निघतात. या सायकलीत तसं काही नव्हतं. मालक व्यवस्थित माणूस. सर्व्हिसिंगची बिलं त्याने फाइलला लावून दिली होती. चेन अजून झिजायची होती. क्रँकच्या मागे कोरलेली अक्षरं तेवढी तपासावी लागली, कारण २०२३ मध्ये शिमानोने जुलै २०१९ आधी बनलेल्या अकरा गिअरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँकची तपासणी जाहीर केली होती. त्यांतल्या काहींचे चिकटवलेले भाग सुटू शकतात, असं निदर्शनास आलं होतं. हा क्रँक त्याच काळातला होता. सांध्याला कुठे फट नव्हती, आवाज नव्हता. तरी पुढे दर सर्व्हिसिंगला तो बघत राहावा लागेल, असं मी वडिलांना सांगितलं.

म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. सायकल चिरलेली नव्हती, मोडलेली नव्हती, किंमतही रास्त होती. आयात सायकलींवरचं शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ वर गेल्यापासून असल्या नव्या सायकलीचं नाव शेतकरी घरात काढणं आणखी कठीण झालं आहे, आणि चांगली राखलेली जुनी सायकल दिसली की माणसं धावतात, यात त्यांचं काही चुकत नाही.

मग मी मुलाला भिंतीशी उभं केलं. बूट काढून, पाय थोडे फाकवून, मांड्यांमध्ये सपाट पट्टी वर दाबून जमिनीपासूनचं अंतर घ्यायचं, तो इनसीम. तो आला साडेब्याऐंशी सेंटिमीटर. वहीत मागच्या वर्षीची नोंद होती, कारण त्याच्या जुन्या सायकलीचं फिटिंग माझ्याकडेच झालं होतं. तेव्हा एकोणऐंशी होता. वर्षभरात साडेतीन सेंटिमीटर.

इनसीमला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सॅडलपर्यंतची उंची ढोबळमानाने मिळते. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांचं हे सूत्र त्यांच्या संघातल्या ग्रेग लेमाँमुळे जगभर पोचलं. ते सुरुवात करायला बरं. पुढे मी गुडघ्याचा कोन मोजतो. पेडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला हवा. या मुलाचा हिशेब आला ७२.८ सेंटिमीटर. सायकलीच्या टोपीला जास्तीत जास्त जेवढं वर जाता येत होतं, तेवढं नेल्यावर सॅडल पोचलं साडेत्र्याहत्तरला.

आज बसत होती. अडचण इथेच होती. मास्ट सरळसरळ आखूड असता तर कुणालाही पटलं असतं. मुलाला बसवून ट्रेनरवर पेडल मारायला लावलं तेव्हा तो खरंच सुंदर दिसत होता. पाठ सपाट, कोपर सैल, चेहऱ्यावर नुसता आनंद. वडिलांचे डोळे भरून आले होते. पण हातात उरले होते सात मिलिमीटर, आणि मुलगा सोळाचा. आणखी दोन सेंटिमीटर इनसीम वाढला तर सॅडल साडेचौऱ्याहत्तरच्या वर लागणार. बुटक्या सॅडलवर वर्षभर रेटत राहिलं की गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. वाढीच्या वयात हे दुखणं लागलं तर मोसम हातचा जातो, आणि सोळा-सतराच्या मुलाला दुखतंय हे सांगायची लाज वाटते. ती मुलं माझ्याकडे उशिरा येतात.

बाकीची मापं किरकोळ होती, पण प्रत्येकाला पैसे लागणार होते. मालकाचे हात लांब, म्हणून स्टेम १२० मिलिमीटरचा. मुलाला शंभराचा लागला असता. मागची कॅसेट ११-२८. दंडोबा किंवा सिंहगड चढायला ३० किंवा ३२ दात्यांचं मोठं चक्र बरं, पण चेन सरकवणारा मागचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा होता; त्यावर ३० पर्यंतच जाता येतं. आणि कार्बनची रिम. चढाला तिचं हलकेपण सुख देतं, पण उतारावर सतत ब्रेक दाबले की ती तापते, आणि ओली झाली की ब्रेक लागायला उशीर होतो. दिवे घाटात समोर एसटी असताना मला माझ्या पोराच्या सायकलीला ॲल्युमिनियमची रिम हवी असेल. हे मत मी सगळ्यांना सांगतो, कुणी ऐको न ऐको.

वजनाचंही मी कागदावर मांडून दाखवलं. मुलगा अठ्ठावन्न किलोचा. जुनी सायकल, कपडे, बाटली धरून सगळं मिळून सत्तर किलो. टीसीआर घेतली तर पावणेतीन किलो कमी, म्हणजे चार टक्के. तीव्र चढावर वेळ जवळपास वजनाच्या प्रमाणात घटतो. ज्या चढाला चाळीस मिनिटं लागतात तिथे दीड मिनिट वाचेल. मुलगा पहिल्यांदा बोलला. "सर, दीड मिनिट म्हणजे पहिला नंबर आणि विसावा नंबर."

बरोबर होतं त्याचं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. तो मान काही सेकंदांत मिळतो आणि जातो. ज्यांना हे खेळायचं आहे त्यांना चार टक्के क्षुल्लक आहेत, असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच होता की त्या चार टक्क्यांतले किती, आणि त्यापलीकडचे किती, दुसऱ्या वाटेने मिळतील. त्याच्या जुन्या सायकलीचे टायर कडक, जाड, तारेच्या कडेचे होते. चांगले रेसिंगचे टायर घातले तर जोडीमागे दहा वॅट सहज वाचतात, आणि ते सपाटीवरही वाचतात, जिथे सायकलीचं वजन फारसं बोलत नाही. सपाटीवर झगडा हवेशी असतो आणि हवा अडते ती मुख्यतः माणसाच्या अंगाला. जुन्या सायकलीवर तो अवघडून, ताठ बसत होता, कारण ती त्याला लहान झाली होती. मापाची कुठलीही बरी सायकल त्याला वेग देणार होती.

वडिलांना हिशेब समजला. बागायतदाराला मापात फसवणं सोपं नसतं. पण त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मोठ्या स्पर्धेतल्या पदकाला तिथे मोल आहे. बागेचा भरवसा नाही. अवकाळी आला की डोळ्यांदेखत वर्ष जातं. पोराला मिळणाऱ्या दोन-तीन वर्षांत जे काय करायचं ते करावं, असा त्यांचा विचार. तो मला चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही.

कोचशी फोनवर बोललो. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. आज बसते ना, मग आज घ्या. एक मोसम काढा, वाढला की विका. रेसिंगची वर्षं मोजकी असतात, दुसरी सायकल शोधत बसण्यात निम्मा मोसम जातो. शिवाय मुलाच्या मनावर चांगल्या सायकलीचा परिणाम होतो, तो कुठल्याही तक्त्यात मांडता येत नाही. हे सगळं अनुभवातून आलेलं बोलणं होतं, आणि त्या माणसाने खेडोपाड्यातली पोरं घडवली आहेत. माझा आक्षेप विकण्यावर होता. मास्ट कापलेली, रिम ब्रेकची, दर वर्षी जुनी होत जाणारी सायकल घेणारा माणूस आधीच्या मालकापेक्षा बुटका किंवा अगदी त्याच्याएवढा लागतो. असा माणूस वर्षभराने नेमका समोर येईल आणि एवढीच किंमत देईल, या भरवशावर बेदाण्याचे पैसे ठेवावेत असं मला वाटत नव्हतं.

वडिलांनी शेवटी सरळ विचारलं, "तुमचा पोरगा असता तर?"

मी म्हटलं, नसती घेतली.

मुलगा उठून बाहेर गेला. मला वाईट वाटलं, पण सांगायचं ते सांगून झालं होतं. सायकल परत जोडली, टेप गुंडाळली, मालकाला जशी आली तशी नेऊन दिली. महिन्याभरात ती विकली गेली. घेणारे पिंपरीतले एक मध्यमवयीन गृहस्थ, मालकापेक्षा कमी उंचीचे, आणि मास्ट कापायला ते माझ्याकडेच आले. हे काम मला फार काळजीने करावंसं वाटतं. मापावर टेप लावायची, तीच खूण पुन्हा खालून मोजायची, मग मार्गदर्शक साच्यात बारीक पात्याची करवत, तोंडाला मास्क, कारण कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ नये. कडा घासून गुळगुळीत केली, टोपी टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या जोरावर आवळली. त्या गृहस्थांना ती सायकल इतकी चपखल बसली की मला त्या इंजिनियरला जर्मनीला फोटो पाठवावासा वाटला, आणि पाठवलाही.

मुलासाठी शोध चालू होता. अखेर कोल्हापुरात एक जुनी ॲल्युमिनियमची रेसिंग सायकल मिळाली. वेगळी गोल सीटपोस्ट, शिमानो १०५, किंमत जवळपास निम्मी. मुलाचा चेहरा उतरला होता. त्याच्या लेखी ॲल्युमिनियम म्हणजे शिकाऊ माणसाची सायकल. मी त्याला सांगितलं की १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये मारिओ चिपोलिनीने ओळीने चार टप्पे ॲल्युमिनियमच्या कॅननडेलवर जिंकले, आणि त्याच्या आदल्या वर्षी पंतानीने आख्खी टूर ॲल्युमिनियमच्या बियांकीवर. त्याने ऐकून घेतलं. आजच्या पोगाचारचं पोस्टर लावणाऱ्या पोराला चिपोलिनीचा काय उपयोग, हे मलाही कळत होतं. उरलेल्या पैशांतून हलकी ॲल्युमिनियमची चाकं, चांगले टायर, मापाचे बूट घेतले. बाकी रक्कम वडिलांनी शर्यतींच्या प्रवासाला बाजूला ठेवली. पोरगा आणि सायकल दोघांनाही परराज्यात न्यायचं म्हणजे खर्च किती होतो, ते जाऊन आल्यावरच कळतं.

तेव्हापासून त्याची सीटपोस्ट वर सरकवतो आहे. आता सॅडल ७४.९ वर आहे, आणि स्टेमही एकदा बदलून लांब घेतला. आंतरजिल्हा शर्यतीत तो पुढच्या गटाबरोबर शेवटपर्यंत राहू लागला आहे. पदक अजून नाही. कोचचं म्हणणं कायम आहे की टीसीआर घेतली असती तर पहिल्याच मोसमात एक तरी पदक आलं असतं. त्यांना तसं ठामपणे वाटतं, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. गुडघा दुखत नाही, एवढंच मी दाखवू शकतो.

परवा तो एकटाच आला होता. वाढ आता मंदावली आहे. दोन मापांत जेमतेम चार मिलिमीटरचा फरक. यंदा त्याला कार्बनची फ्रेम हवी आहे, डिस्क ब्रेकची, म्हणजे पावसात घाट उतरता येईल. मागणी रास्त आहे. तीन सायकलींचे स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उंची आणि पुढची लांबी, त्याने वहीत उतरवून आणले होते, त्यांतली मधली त्याला बसेल असं मला वाटतं, सीटपोस्टही वेगळी आहे. बेदाण्याला यंदा दर काय लागतो ते कळलं की वडील फोन करणार आहेत.